तिसऱ्या कलमाला हरकत

“तिसरं कलम परत वाच,” धोंडूआबा म्हणाले, आणि चाळीच्या चौकात जमलेल्या मंडळींनी पुन्हा कान टवकारले.

मेघनाने लॅपटॉपवरून वाचलं. “बिघाड झाल्यास बनवणारी व्यक्ती जबाबदार नाही.”

नळावर कोणाचा नंबर कधी, हे ज्याच्या त्याच्या फोनवर सांगणारं सॉफ्टवेअर तिने नोकरी सोडून बनवलं होतं. फुकट वापरा, हे पहिलं कलम; हवं तसं बदला नि कोणालाही द्या, हे दुसरं. बाकीचं जग अशा अटी वाचतच नाही, ‘मान्य’वर बोट दाबून मोकळं होतं. पण ही पडली घोडपदेवची चाळ. गिरण्या गेल्या, युनियनची खोड काही गेली नाही. करार म्हटला की कलमवार वाचन, हरकती आणि हात वर. आपल्याच चाळीने नाकारलं तर बाहेर कोण कुत्रं विचारणार, या धास्तीने मेघनाचा जीव टांगणीला लागला होता.

“माझो नंबर चुकलो तर मी कोणाच्या नावान बोंबलू?” गंगुबाईंनी विचारलं. बोंबलायला त्यांना कोणीतरी लागायचंच.

मग हरकतींना ऊतच आला. ज्यांच्याकडे बटणांचा साधा फोन होता, तेसुद्धा हिरिरीने हरकत घेऊ लागले. कोणाला काय कळतंय ते देव जाणे, पण सभेला अशी रंगत बऱ्याच वर्षांत आली नव्हती.

मेघना वैतागली. “आबा, फुकटच्या वस्तूवर सगळीकडे हेच लिहितात. उद्या काही झालं तर मी एकटी काय काय निस्तरू?”

आबांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

“हे कलम ज्यांना अमान्य, त्यांनी हात वर करा.”

सगळे हात वर गेले. तिच्या आईचा, मालनचा, तर सगळ्यांच्या आधी. मेघनाला रडू फुटायचंच बाकी होतं. ती लॅपटॉप मिटू लागली.

“थांब गो. बदलायची परवानगी तूच दिलीस ना?” आबांनी तिच्या हातचा लॅपटॉप शेजारच्या विनीतपुढे सरकवला. “लिही रे. बिघाड झाल्यास अख्खी चाळ जबाबदार. एकटी म्हणे!”

टाळ्यांनी चौक दणाणला. मेघना हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. आबांनी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला.

“दाब आता. करार आमचा आहे, मान्य तू करायचंस.”