गवंड्याची भिंत

भिंत काही पडत नव्हती. गवंडी सकाळपासून तिच्यावर घण घालत होता. शर्ट पाठीला चिकटला होता, तळहातांचे फोड फुटले होते आणि भिंतीचे नुसते टवके उडत होते. त्याची बायको बिनछपराच्या खोलीत ओल्या गाद्या उलटसुलट करत बसली होती. प्रत्येक घावाला तिला वाटायचं, पड गं बाई एकदाची. आणि लगेच वाटायचं, नको पडूस. शेवटी घर तिचंच होतं.

वादळाने गल्लीतली सहाच्या सहा घरं आडवी केली होती. उरलं ते सातवं, हे. पत्रे उडाले होते, खिडक्या गेल्या होत्या, पण भिंतींना केसाएवढी चीर नव्हती. सातही घरं गवंड्यानेच बांधलेली. सहा शेजाऱ्यांची, आणि ती कामं चालू असतानाच रोज संध्याकाळी थोडं थोडं करत त्याने स्वतःचं उठवलं होतं. दिवसभर राबून आलेला माणूस पुन्हा ओळंबा घेऊन उभा राहायचा. बायको हे कौतुक इतक्यांदा सांगायची की शेजारणींना ते पाठ झालं होतं.

आता तेच घर गळ्याशी आलं होतं. मदत कार्यालयाचा नियम साधा होता. घर पडलं असेल तर टेकडीवर नवं घर मिळणार. उभं असेल तर दहा पत्रे आणि खिळ्यांचा पुडा. म्हणजे सगळी गल्ली टेकडीवर जाणार आणि ह्या दोघांनी ढिगाऱ्यांच्या मधोमध पत्रे ठोकून पुढच्या वादळाची वाट बघायची. त्या विचारानेच तिचा जीव घाबरा होत होता.

काल कार्यालयाचे इंजिनिअर येऊन गेले. पडलेल्या प्रत्येक घरापाशी थांबले, विटांच्या सांध्यात किल्ली खुपसून बघितली, कागदावर काहीबाही लिहिलं. जाताना गवंड्याला म्हणाले, "तुमचं घर उद्या दुपारी बघतो." तेव्हापासून गवंड्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सकाळी उठला तो घण हातात घेऊनच.

बायकोने कारण विचारलं नाही. यादीत नाव लागावं म्हणून लोक काय काय करत होते, ते तिला दिसत होतं. खरं सांगायचं तर तिला जरा बरंच वाटलं. जन्मभर नाकासमोर चालणारा माणूस, एकदा तरी संसारासाठी वाकडा चालला.

"बांधताना जरा हात राखून बांधायचं होतं," ती म्हणाली. "मग आज हे कष्ट पडले नसते."

एरवी तो हसला असता. आज त्याने घण उचलला आणि आणखी जोरात घातला.

तेवढ्यात पलीकडच्या घरची शेजारीण विटांचे ढीग ओलांडत आली. घर कसलं, तिथे आता नुसता चौथरा होता. भिंत तिच्या नवऱ्याच्या पायांवर पडली होती. एक पाय डॉक्टरांनी परवाच काढला. पोरांना घेऊन ती शाळेच्या हॉलमध्ये झोपत होती. बायकोने गवंड्याला खूण केली, पण घण दिसायचा तो दिसलाच.

"भावजी, धडधाकट भिंत का पाडताय?"

"आतून खिळखिळी झालीय हो," बायको घाईघाईने म्हणाली.

"ही?" शेजारणीने भिंतीवरून हात फिरवला. "काहीतरीच, ताई! अहो, हिच्यामुळेच तर मी आलेय." तिने पिशवीतून घडी केलेला कागद काढला. नवी घरं बांधणारा गवंडी लोकांनीच निवडायचा, अशी कार्यालयाची अट होती. कागदावर सहा घरांच्या सह्या होत्या.

"आमची पडली ते आमचं नशीब. वाराच आमच्या बाजूनं आला," ती म्हणाली. "पण भावजींचं घर उभं राहिलं ना! हात कसा आहे ते सगळ्यांना कळलं. ह्यांनी तर दवाखान्यात पडल्या पडल्या सही केली. म्हणाले, विटेला हात लावतील तर भावजीच, दुसरा कुणी नको. आणि मी साहेबांना विचारूनच आलेय, जो गवंडी असेल त्यालाही टेकडीवर घर मिळणार."

बायकोला रडूच आलं. चार दिवसांचा घोर एका कागदाने मिटला होता. वर्षभराचं काम, हक्काचं घर, आणि शेजारही तोच. शेजारणीचे दोन्ही हात धरून ती नुसती हलवत राहिली. मग नवऱ्याकडे वळली.

"अहो, घ्या ना तो कागद. असे काय बघत राहिलात?"

गवंडी शेवटच्या सहीकडे बघत होता. ती वाकडीतिकडी होती, ओळ सोडून खाली घसरलेली. त्याने कागद घेतला नाही. घण खाली ठेवला, भिंतीला पाठ टेकली आणि मटकन खाली बसला. उन्हाने चक्कर आली असेल, म्हणून बायको पाणी आणायला उठली.

"वहिनी," तो शेजारणीला म्हणाला, "तुमच्या सहाही घरांतून मी चोरलेलं सिमेंट ह्या भिंतीत आहे."