पाच हिवाळ्यांचे टायर

"कडक रबर जास्त टिकतं, पण थंडीत त्याचा दगड होतो," टायरवाली बाई म्हणाली. "मऊ रबर रस्ता धरून ठेवतं, पण लवकर झिजतं. गाडी रोज चालते का?"

"रोज," शारशेन म्हणाला. "रोज घाट चढते."

कादिरकुलनं तोंड फिरवलं. ती गाडी आता कुठलाच घाट चढणार नव्हती.

सकाळी तो मेंढ्यांना चारा टाकत असताना गावचे वडीलधारे, बायाली अक्सकाल, कुंपणापाशी आले होते. "शारशेनची टॅक्सी रात्री घाटात दरीत गेली," ते खालच्या आवाजात म्हणाले. "चालवणारा वाचला नाही. शारशेनला घेऊन बिश्केकच्या बाजारात जा. दुपार टळल्याशिवाय फिरू नका. तुझा फोन माझ्याकडे दे, नाहीतर कुणीतरी मूर्ख मध्येच बोलून जाईल."

कादिरकुलनं पुढे काही विचारलं नाही. मरणाची बातमी बापाच्या तोंडावर फेकायची नसते. काहीतरी निमित्त काढून त्याला दूर न्यायचं. तोवर मयत घरी येतं, अंगणात तंबू उभा राहतो, चार वडीलधारी माणसं जमतात आणि मग आडवळणानं, हळूहळू सांगतात. ही रीत त्याला आजवर बरी वाटत आली होती. आज ती निभावायची पाळी त्याच्यावर आली होती.

आणि त्याला स्वतःची लाज वाटत होती. बातमी ऐकताच त्याच्या मनात पहिल्यांदा आला तो आपला एर्मेक. बीटाचा हंगाम जोरात होता. साखर कारखान्यात गेलेला पोरगा तीन-तीन दिवस घरी यायचा नाही. आपला तिथे सुखरूप आहे, या विचारानं त्याला आधी हायसं वाटलं होतं. टॅक्सी चालवणारा शारशेनचा मुलगा कुबात आठवला तो त्यानंतर. कुबात आणि एर्मेक एका ताटात जेवून मोठे झाले होते, एकाचं काम अडलं की दुसरा धावायचा. परवाच कुबातला ताप भरला होता, कादिरकुलच्या बायकोनं रस्सा पाठवला होता. तशा तापात पोरगं घाटात गेलं कशाला, हे काही त्याला समजत नव्हतं.

निमित्त शोधावं लागलं नाही. टॅक्सीचे टायर गुळगुळीत झालेत, असं शारशेन कधीपासून म्हणत होता. कादिरकुल आपली गाडी घेऊन गेला तेव्हा तो टोपी घालून फाटकाबाहेर उभाच होता. "चल, टायर बघू," म्हटल्यावर मुकाट्यानं आत बसला. फोन घरी राहिला, म्हणाला. कादिरकुलनं मनातल्या मनात देवाचे आभार मानले. एक काळजी मिटली होती.

वेळ कसा काढायचा ही दुसरी काळजीही शारशेननंच मिटवली. एकही दुकान त्यानं सोडलं नाही. प्रत्येक टायरच्या खाचेत नख घालून बघितलं, कडेवरचा उत्पादनाच्या सालाचा आकडा वाकून वाचला. दोघं एकाच वर्षी जन्मलेले, म्हणजे एकमेकांना वाटेल ते बोलायची मुभा. संशय नको म्हणून कादिरकुलनं डिवचलं.

"टायर बघतोयस की सून?"

एरवी शारशेननं त्याच्या सात पिढ्या बाहेर काढल्या असत्या. आज तो नुसता हसला आणि कादिरकुलच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं. वारा बोचरा होता खरा. बापाच्या काळजाला आतून कळतंच, असं कादिरकुलला वाटलं.

"शरदातच बदलायला हवे होते," शारशेन अचानक म्हणाला. "पोरं सांगत होती. मीच म्हटलं, निघेल एवढा हिवाळा."

"आता घेतोयस ना," कादिरकुल म्हणाला. त्यानं शारशेनला पुढच्या दुकानाकडे वळवलं.

शेवटच्या दुकानात बाईनं दोन जोड पुढे ठेवले. शारशेन मागे सरला. "तू निवड. तुझं पोरगं त्या गाडीत बसणार असेल, तर कुठले घेशील?"

कादिरकुलनं पाच हिवाळे टिकतील आणि बर्फही धरतील असे, सगळ्यात महाग निवडले. आता त्या गाडीला चाकं तरी उरली असतील का, हा विचार त्यानं दूर सारला. शारशेननं घासाघीस न करता पैसे दिले. मग चहाच्या टपरीवर मटण भरलेले गरम सामसे घेतले. कादिरकुलनं नको म्हटलं, तरी शारशेन हटला नाही.

"खा. घरी गेल्यावर खायला जमायचं नाही," तो म्हणाला, आणि घाईघाईनं पुढे म्हणाला, "उशीर होईल ना."

कादिरकुलनं सामसा कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

परतताना शारशेननं किल्ली मागितली. कादिरकुलनं ती दिली, वाद घातला असता तर संशय आला असता. वाटेत तो मनाशी शब्द जुळवत होता. मयताच्या दारात घरचे पुरुष कमरेला पट्टा बांधून, काठीवर वाकून मोठ्यानं रडत उभे राहतात. शारशेनला दुसरा मुलगा नव्हता. आपण आणि एर्मेक त्याच्या दारात उभे राहू, सख्ख्यासारखे, असं त्यानं ठरवलं. एर्मेकला कारखान्यातून बोलवून घ्यायला हवं होतं.

गल्लीत शिरताच पॉप्लरच्या झाडांमागे मोठ्या चुलीचा धूर दिसला. कादिरकुलनं शारशेनच्या खांद्यावर हात ठेवला आणि घट्ट धरला. शारशेनच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

शारशेनचं फाटक आलं. ते बंद होतं. पायरीवर कुत्रं झोपलं होतं. शारशेननं गाडी थांबवली नाही.

पुढे माणसांची रांग होती. रांगेत सगळ्यात पुढे, तापानं फणफणलेला कुबात कमरेला पट्टा बांधून, काठीवर वाकून रडत उभा होता, कादिरकुलच्या दारात.