सरांचं ‘बाय’

सौंसरची बस पांढुर्ण्यातून बाहेर पडली तरी गायत्रीच्या कानात बाबांचं ‘बाय’ तसंच होतं.

रोजच्यासारखा तिने सकाळी फोन केला होता. एरवी आई उचलायची. आज बाबांनी उचलला.

“आईचा खोकला कसा आहे?”

“थांबला. झोपली आहे.”

“आणि तुमची गोळी?”

“घेतो. तू निघून ये. सावकाश ये, घाई नको.”

“काय झालं, बाबा?”

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. पंख्याची घरघर. मग दुरून, अगदी हळू, “बाय.”

मागच्या वर्षी बाबांच्या हृदयात दोन स्टेंट बसवले, तेव्हापासून तिचा जीव या सकाळच्या फोनला टांगलेला असे.

तिकीट देताना कंडक्टर चिंधूने तिला ओळखलं. “विनायक सरांच्या ना तुम्ही? सर बरे आहेत?”

“पाहायलाच चालली.”

“आठवीत मी त्यांले बाय म्हटलं, तर पिरियडभर उभं ठेवलं मले.” चिंधू हसला. “म्हणे, ‘देव तुझ्यासोबत असो’ असं सबंध वाक्य होतं ते. इंग्रजांनी चारशे वर्षं चघळलं अन् एवढीशी बी उरली. उद्या पुन्हा भेटणार, तर वाया काहून घालवतं? येतो म्हण.”

“मग म्हणायचं कधी?”

“विचारलं ना मी. म्हणे, ज्याच्या सोबतीला आता देवच उरला, त्याले.”

गायत्रीने खिडकीकडे तोंड फिरवलं. संत्र्यांचे बगीचे मागे जात होते. बाबांच्या तोंडून हा शब्द तिने शिकवण्यापुरताच ऐकला होता. शाळेला निघतानाही ते उंबरठ्यावर थांबून आईला “येतो” म्हणत, आणि आई मान हलवेपर्यंत हलत नसत.

तिने शेजारच्या रामाजीकाकांना फोन लावला.

“काका, बाबा कसे आहेत?”

“निघाली का तू, बेटा?”

“बसमध्ये आहे. त्यांना फोन द्या ना.”

“तू ये आधी. आम्ही सारे इथंच हावो.”

सारे. इकडे तशी बातमी फोनवर कोणी सांगत नाही. निघून ये म्हणतात, एवढंच. दोन वर्षांपूर्वी तिनेच मामेबहिणीला असं बोलावून घेतलं होतं.

घरासमोर चपलांचा ढीग होता. अंगणातल्या माणसांनी तिला वाट दिली.

दारात बाबा उभे होते.

शर्टाची बटणं वरखाली लागलेली, पण उभे होते. गायत्रीने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. गरम होता. तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

“मला बाय काहून म्हटलं तुम्ही? सारा रस्ता कसा काढला, माझं मला माहीत.”

बाबांनी खिशातला फोन काढून पाहिला.

“फोन बंद नव्हता झाला?”

ते दारातून बाजूला सरले. आत आईच्या उशाशी दिवा लावला होता.