निळी सॅक

भूकंप झाला की उचलून पळायला घरोघरी दिलेल्या सॅका परत न्यायला आज पंचायतीची गाडी येणार होती. खोऱ्याखाली पुरलेली यंत्रं जमिनीतला ताण रोज थोडाथोडा जिरवत होती. गेल्या अठरा वर्षांत कपातला चहासुद्धा हलला नव्हता.

"देऊन टाक गं, खुंट्या तरी मोकळ्या होतील," दत्ताराम म्हणाला.

शालनने स्वतःची आणि नवऱ्याची सॅक भराभर रिकामी केली. लेकीची, वैदेहीची, निळी सॅक उघडली आणि तिचे हात मंदावले. दर दिवाळीला तिच्यातला तोकडा झालेला फ्रॉक काढून नवा ठेवायचा, ताजा चिवडा भरायचा. जुना चिवडा दत्ताराम उभ्या उभ्या संपवायचा. यंत्रं बसली तेव्हा वैदेही नऊ वर्षांची होती. फ्रॉक तिथेच थांबला. वैदेही पार बंगळूरला पोचली. फोन तेवढा रविवारी यायचा.

सॅकेतल्या शिट्टीच्या दोरीला तिच्या अक्षरातली चिठ्ठी होती : ‘मी वैदेही. हरवले तर आईजवळ आणून सोडा.’

पूर्वी जमीन हादरली की तिघं अंगणात एकाच चादरीत गुरफटून बसायची. "आई, अजून एकदा हलू दे ना," वैदेही म्हणायची. शालन तिला धपाटा घालायची आणि आणखी जवळ ओढायची.

दारात गाडी थांबली. "मावशी, यादीत तीन आहेत. तिसरी कुठंय?" गाडीवाल्याने विचारलं.

"हरवली," शालन म्हणाली.

तिच्या पाठीमागे, तिच्या पदराला टेकून, निळी सॅक उभी होती.