चढाची चाचणी

अकरा वाजता चढाची चाचणी होती, आणि दहा वाजून दहा मिनिटांनी फिरत्या वाचनालयाच्या जुन्या व्हॅनने सायलेन्सरमधून असा बार काढला की गॅरेजच्या पत्र्यावरची कबुतरे उडाली. ग्रंथपालांचे काळीजही त्यांच्यामागोमाग गेले. आज गाडी टेकडी चढली नाही तर भंगारात जाणार होती, आणि आठ महिने पुस्तकांवाचून राहिलेली वरची वस्ती कायमची तशीच राहणार होती.

या आठ महिन्यांत वाचनालयाच्या समितीने तीन तज्ज्ञ नेमले. पहिल्याने कार्बोरेटर बदलला, दुसऱ्याने प्लग. तिसऱ्याने, आधीच्या दोघांचा मान राखून, चालक बदलण्याची शिफारस केली. चालक म्हणजे ग्रंथपालच.

"ठिणगीचं टायमिंग कोणी लावलं?" मेकॅनिक मावशींनी बॉनेटखालून डोके न काढताच विचारले.

"मी." ग्रंथपालांनी छातीशी धरलेली गाडीची पुस्तिका उघडली. "पान चौऱ्याहत्तर. पुलीवरची खूण या काट्यासमोर आणायची. केसाचाही फरक नाही, मावशी!"

"मग खूणच खोटी असेल."

"छापलेलं खोटं कसं असेल?"

"गुरुजी, बोट द्या इकडे."

मावशींनी पहिला प्लग काढला, त्या भोकावर ग्रंथपालांचा अंगठा दाबला आणि पान्याने इंजिन हळूहळू फिरवले. आतल्या हवेने अंगठा उचलला तसे ग्रंथपाल शहारले. मग मावशींनी भोकात एक लांब लाकडी काडी सोडली. खालचा पिस्टन वर येऊ लागला तशी काडी वर आली, आणि एका जागी थांबली.

"पिस्टन माथ्यावर आला. आता तुमची खूण बघा."

खूण काट्यापासून दोन बोटे दूर होती.

"पुलीच्या दोन कड्यांमध्ये रबर असतं. ते सुटलं, बाहेरचं कडं सरकलं, आणि खूणही त्याच्याबरोबर गेली. तुम्ही तिच्यावर विसंबलात. पिस्टन निघून जातो, मग ठिणगी पडते. वरातीमागून घोडं!"

"पण पुस्तकात हे नाही हो."

"पुस्तक छापलं तेव्हा रबर नवं होतं."

ग्रंथपालांनी खिशातली खाडाखोड झाकायच्या पांढऱ्या शाईची बाटली पुढे केली. मावशींनी पुलीवर नवी रेघ ओढली, प्लग बसवला, इंजिन चालू करून प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर तसूभर फिरवला. खोकणारे इंजिन एकदम गुणगुणू लागले.

"पुढच्या आठवड्यात पुली बदला. आजचा दिवस ही रेघ निभावून नेईल."

समितीचे सचिव वेळेवर आले. त्यांच्या हातात चाचणीचा टंकलिखित अहवाल होता: 'वाहन चढावर बंद पडले.' फक्त बंद पडल्याची वेळ भरायची बाकी होती. ते ग्रंथपालांच्या शेजारी बसले आणि त्यांनी पेनाचे टोपण काढले.

पहिले वळण गेले. दुसऱ्या वळणावर, जिथे गाडी दर वेळी मान टाकत असे, ग्रंथपालांनी श्वास रोखला. गाडीने तसे काहीच केले नाही. सचिवांनी टोपण लावले; तिसऱ्या वळणावर पुन्हा काढले; माथा दिसू लागला तेव्हा ते कुठे ठेवले हेच त्यांना आठवेना.

वर एक निवृत्त परिचारिका फाटकाशीच उभी होती. गाडी थांबायच्या आत तिने मागचे दार उघडले.

"दुसरा भाग आणलात ना? आठ महिने झाले, खुनी कोण या विचारानं झोप नाही. कोणी सांगू नका हं!"

ग्रंथपालांनी फळीवरून पुस्तक काढले. तिच्यापर्यंत ते पोहोचण्याआधीच सचिवांनी हातात घेतले, चष्मा वर सरकवला आणि अत्यंत गंभीरपणे शेवटचे पान उघडले.

"ओ साहेब!" परिचारिका कडाडली. "पहिल्यापासून वाचा!"