शेडमधलं अर्धं रॅक

सकाळी झारी घेऊन संयोगिता गच्चीवर गेली, तर तिथं एकही कुंडी नव्हती. कुंड्यांच्या गोल खुणा तेवढ्या राहिल्या होत्या.

सात वर्षांचा संसार सोडून ती साताऱ्याहून तासगावला माहेरी आली, तेव्हा कपड्यांच्या दोन बॅगा आणि या कुंड्या एवढंच तिच्याबरोबर आलं होतं. सक्युलंटची झाडं, जाड पानांची, कमळासारखी गोल उमललेली. तिकडच्या फ्लॅटच्या खिडकीत तिनं ती एकेका गळलेल्या पानापासून वाढवली होती. आबा, म्हणजे तिचे वडील नाथाजी, महिनाभर या झाडांबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. तिच्याशीही बेताचंच. कुणी विचारलं तर सांगायचे, सुट्टीला आलीय.

आबांनी फेकून दिल्या, असंच तिला वाटलं. झारी हातात तशीच घेऊन ती तडक त्यांच्या बेदाण्याच्या शेडकडं निघाली.

ऐन हंगाम होता. रॅकवरच्या जाळ्या द्राक्षांनी भरून गेल्या होत्या. कडेचं एक रॅक मात्र अर्धं रिकामं केलं होतं आणि तिथं तिच्या कुंड्या ओळीनं मांडल्या होत्या. हिरव्या नेटमधून कोवळं होऊन ऊन येत होतं, आरपार वारा होता. आबांनी करपलेली पानं खुडून काढली होती. वाटेत गळलेली चांगली पानं एका ताटलीत जपून ठेवली होती.

माल बघायला आलेले व्यापारी उदयसिंह तिथंच उभे होते. भर हंगामात रॅक अडवून ही कसली फुलं, म्हणून ते हसले. मग संयोगिताकडं बघून म्हणाले, "ताई परत जाताना नेतील म्हणा."

नाथाजी बेदाणा हलवत होते. त्यांचा हात थांबला नाही.

"ती न्हाई जायची परत. हितंच ऱ्हाणार हाय."

चार बेदाणे तोंडात टाकून उदयसिंह पलीकडच्या ओळीकडं गेले.

संयोगिता जागची हलली नाही. नाथाजीच जवळ आले. गच्ची लय तापते, पानं करपाय लागल्याली, असं कुंड्यांकडं बघतच म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पाणी कवा घालायचं ह्यास्नी?"

"आज घालायचं होतं. मग दहा-बारा दिवसांनी, माती वाळली की."

ती कुंड्यांच्या कडेकडेनं पाणी सोडू लागली. तिला नीट दिसत नव्हतं, तरी पानांवर एक थेंब तिनं पडू दिला नाही.

शेडच्या लोखंडी खांबावर कुठल्या रॅकवर माल कधी टाकला, त्याच्या तारखा असायच्या. नाथाजींनी खिशातून खडू काढला. त्या तारखांशेजारी 'संयूची झाडं' असं लिहिलं. खाली पाणी घातल्याची आजची तारीख टाकली. पुढच्या तारखांसाठी ते एकाखाली एक रेघा ओढत गेले. वाकून ओढल्या, मग गुडघ्यावर हात टेकून उकिडवे बसले, आणि खांब जमिनीला टेकतो तिथपर्यंत ओढत राहिले.