मागची टॅब

हाडांच्या दवाखान्यातही त्याच्या तोंडाचा पट्टा काही थांबत नव्हता. ताईला तो पुन्हा पुन्हा तेच सांगत होता: चूक त्याची नाही, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याची. मशीन रडतखडत चालायचं. पन्नास टॅब उघड्या ठेवल्यावर दुसरं काय होणार, असं म्हणत त्या गाढवाने सोमवारी एक सेटिंग चालू करून दिलं. ज्या टॅबकडे बराच वेळ कुणी फिरकत नाही, ती आपोआप झोपायची. मशीन पळायला लागलं, स्वारी खूश. अण्णांच्या खोलीतल्या कॅमेऱ्याची टॅब पार मागे कुठेतरी होती. तीही झोपली. आणि नेमके बुधवारी अण्णा पडले.

ताई ऐकत होती. आई गेली तेव्हा ती अण्णांना आपल्याकडे न्यायला आली होती. भावाने तिच्या हातातली बॅग काढून घेतली होती. मुलगा गावात असताना बाप लेकीच्या दारात राहिला तर लोक तोंडात शेण घालतील, म्हणाला होता. स्वतः नव्या फ्लॅटमध्ये राहिला. अण्णांच्या जुन्या खोलीत कॅमेरा लावला. दिवसभर डोळ्यांत तेल घालून बघेन, असा शब्दही दिला.

बुधवारी अण्णा सकाळपासून फरशीवर पडून होते. दुपारी शेजारची शिंपीण डोकावली म्हणून जीव वाचला. ताई आजही बॅग घेऊनच आली होती. अण्णांनी हो म्हणायचा अवकाश होता.

ते हो म्हणतील, याची त्याला धास्ती होती. चारचौघांत नाक कापलं जाणार होतं. तो खाटेपाशी जाऊन वाकला.

"अण्णा, तुमची शपथ. सोमवारपर्यंत मी रोज तुम्हाला बघत होतो. त्या माणसाने टॅब झोपवली नसती, तर बुधवारी धावत आलो असतो."

अण्णांनी प्लॅस्टर घातलेला पाय जरासा हलवला. कळ आली, तसे डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, बॅगेत माझा चष्मा टाकलास का गं? ताईने मान डोलावली.

"त्या कॉम्प्युटरवाल्याला शिव्या देऊ नकोस," ते मुलाला म्हणाले. "कॅमेऱ्याची पिन मीच काढून ठेवलीये. महिना झाला. म्हटलं, बघू तरी तुझा फोन कधी येतो."